लांब केबलवर भरपूर सेन्सर जोडताना: आधी पॉवर, मग लाईन, कोड सगळ्यात शेवटी

टेबलावर वीतभर वायरने जोडलेले सेन्सर मस्त चालतात, तेच ४० मीटरवर नेले की कधी रीडिंग येतं कधी येत नाही, मधेच उणे १२७ दिसतं, शेजारची मोटर चालू झाली की बोर्ड अडकतो, आणि मग माणूस आठवडाभर कोड उचकत बसतो. कोडचा त्यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. टेबलावरचीच वायर तशीच लांब केलेली असते, सगळे सेन्सर एका दमात जोडलेले असतात, त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे ते कळायला मार्गच उरत नाही.

खाली धरून चाललोय की तुमच्याकडे ईएसपी३२ किंवा अर्डुइनोसारखा बोर्ड आहे, १०-२० सेन्सर आहेत, आणि सगळ्यात लांबचा सेन्सर शंभर-दीडशे मीटरच्या आत आहे. मल्टिमीटर पाहिजेच, त्याशिवाय हे काम सुरूच करू नका. ऑसिलोस्कोप असला तर उत्तम, नसला तरी भागतं.

१. खरेदीच्या आधी कागद घ्या

प्रत्येक सेन्सरसाठी एक ओळ लिहा: कुठे बसणार, बोर्डपासून किती मीटर (सरळ रेषेत नाही, केबल जशी वळणं घेत जाणार तशी), सिग्नल कुठल्या प्रकारचा, किती व्होल्टवर चालतो, किती मिलीअँप खातो, आणि रीडिंग किती वेळाने हवंय. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि तोच सगळ्यात कामाचा असतो, कारण तापमान, ओलावा, टाकीची पातळी असल्या गोष्टी मिनिटाला एकदा वाचल्या तरी पुरतात, आणि वेग कमी चालणार असेल तर लांब लाईनवरचे निम्मे त्रास तिथेच संपतात.

मग जागेचा नकाशा काढून केबलचा मार्ग आखा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सगळ्या सेन्सरना शिवत जाणारी एकच रेघ काढता येते का बघा. येत नसेल तर दोन रेघा काढा, दोन वेगळ्या लाईन म्हणून. मधल्या एका डब्यातून चहूकडे फाटे फुटणारी रचना मात्र आत्ताच खोडून टाका, कारण पुढे पायरी ५ ला तीच आडवी येते.

तपासा: बोर्ड लाईनच्या एका टोकाला आहे का मधे? दोन्ही चालतं, फक्त मधे असेल तर टर्मिनेशनचे रेझिस्टर (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावायचे) बोर्डजवळ येत नाहीत, लाईनच्या दोन टोकांना जातात.

२. सिग्नल बघून ठरवा, काय किती लांब जाईल

आय-टू-सी. ही बस एकाच सर्किट बोर्डवरच्या चिप एकमेकींशी बोलाव्यात म्हणून बनवलेली आहे. स्टँडर्ड आणि फास्ट मोडला पूर्ण बसची कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरॅडच्या आत पाहिजे, आणि नेटवर्कच्या साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरमागे ५० पिकोफॅरॅडच्या आसपास असते. म्हणजे ८ मीटरला नुसत्या केबलनेच मर्यादा खाल्ली, सेन्सर अजून जोडलेलेच नाहीत. वरून प्रत्येक मॉड्यूलवर स्वतःचे पुल-अप (लाईनला प्लसकडे ओढून धरणारे रेझिस्टर) असतात, ४.७ किलोओहमवाली ८ मॉड्यूल एकत्र जोडली की एकूण ६०० ओहमच्याही खाली जातं, ३.३ व्होल्टला चिपला जवळपास ५ मिलीअँप खाली ओढावे लागतात, आणि आय-टू-सीची साधी हमी ३ मिलीअँपची आहे. पत्त्यांची भानगड वेगळीच, बीएमई२८० या तापमान-ओलाव्याच्या सेन्सरला हेक्स ७६ आणि ७७ असे दोनच पत्ते मिळतात. टीसीए९५४८ए सारखा मल्टिप्लेक्सर पत्त्यांचा प्रश्न सोडवतो, अंतराचा सोडवत नाही, यात भल्याभल्यांची गल्लत होते. पीसीए९६१५ सारखी चिप दोन्ही टोकांना लावून आय-टू-सी डिफरेन्शियल करता येतं आणि ते चालतंही, पण सेन्सर चार-पाचपेक्षा जास्त असतील तर मी त्या वाटेला जाणार नाही. माझा साधा नियम, एक-दोन मीटरपर्यंत आय-टू-सी, पुढे नाही.

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, म्हणजे वन-वायर (एकाच डेटा वायरवर सगळे बोलतात). हा बराच लांब जातो. प्रत्येक चिपला स्वतःचा ६४ बिटांचा कोड असतो, त्यामुळे एका पिनवर डझनभर सेन्सर आरामात बसतात. अट एवढीच की तिन्ही वायर वापरा. नुसत्या दोन वायरवर, डेटा लाईनमधूनच पॉवर घेऊन चालवायची जी सोय आहे ती लांब लाईनवर विसरून जा. टेबलावर ४.७ किलोओहमचा पुल-अप चालतो, लांब लाईनला २.२ किलोओहमपर्यंत खाली या, ५ व्होल्टवर १.५ च्या खाली जाऊ नका. बोर्डच्या पिनशी सिरीजमध्ये १०० ओहम टाकला की सिग्नलच्या कडा थोड्या मवाळ होतात.

ॲनालॉग व्होल्टेज. लांब केबलवर हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, कारण एरर आली हेच कळत नाही, आकडा येतो आणि तो चुकीचा असतो. ईएसपी३२ वर तर १२ बिटांत ३.३ व्होल्ट म्हणजे एक पायरी ०.८ मिलीव्होल्टची, आणि ग्राउंडच्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट पडला तर सहाशे पायऱ्यांचा फरक. कसा पडतो ते पायरी ४ मध्ये बघू. लांबून ॲनालॉगच आणायचं असेल तर ४ ते २० मिलीअँपचा ट्रान्समीटर घ्या. त्यात करंट जातो, आणि करंट वायरच्या लांबीने बदलत नाही. बोर्डकडे १५० ओहमचा चांगला रेझिस्टर लावला की ०.६ ते ३ व्होल्ट मिळतात. शिवाय वायर तुटली तर करंट शून्य होतो, ४ च्या बराच खाली गेला की कळतं की सेन्सर मेला, टाकी रिकामी झालेली नाही.

स्विच, फ्लोट, पल्स देणारे मीटर. लांब नेता येतात, पण बोर्डच्या आतल्या पुल-अपवर विसंबू नका, तो फार कमजोर असतो. बाहेरून १ ते २.२ किलोओहम लावा, किंवा १२ व्होल्टची लूप करून बोर्डकडे पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणारी चिप) टाका. मला दुसरी पद्धत जास्त आवडते, पाच-दहा रुपड्यांची चिप सगळा कचरा बाहेर ठेवते.

आणि बाकी सगळ्यांसाठी आरएस-४८५. दोन वायरमधला फरक वाचला जातो, त्यामुळे दोन्हीवर सारखाच आलेला आवाज (विजेची खरखर) आपोआप वजा होतो. कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं, जुन्या साध्या चिपसोबतही एका लाईनवर ३२ नोड (लाईनवर जोडलेले सेन्सर किंवा बोर्ड) बसतात, आणि नोडच्या आणि बोर्डच्या ग्राउंडमध्ये काही व्होल्टचा फरक असला तरी चालतं, रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट सहन करतो. सेन्सर आय-टू-सीचा असेल तर त्याच्या शेजारी एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवा, तो वीतभर वायरने सेन्सर वाचेल आणि आरएस-४८५ वरून आकडा पाठवेल. लोकांना हा खर्च जास्त वाटतो. पण लाईनवर तीन-चार आय-टू-सी सेन्सर झाले की शेवटी सगळे इथेच येतात, फक्त आधी केबल दोनदा ओढून येतात.

सावध: ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि मॅक्स४८५ ५ व्होल्टची चिप आहे. तिचं आउटपुट थेट पिनला देऊ नका. मॅक्स३४८५ किंवा तिच्या जातीची ३.३ व्होल्टची चिप घ्या.

३. केबल, आणि कोणाची जोडी कोणाशी

नेटवर्कची कॅट५ई केबल या कामाला पुरते. चार पिळलेल्या जोड्या मिळतात. घेताना अख्ख्या तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर रेझिस्टन्सला साधारण दीडपट असते, आणि टर्मिनलमध्ये दोनदा वाकवली की तुटते. आतली वायर ब्लेडने खरवडून बघा, खाली पांढरं दिसलं तर परत करा.

जोड्यांची वाटणी इथे बहुतेक लोक चुकतात. आरएस-४८५ ची ए आणि बी एकाच जोडीत. वन-वायरचा डेटा आणि ग्राउंड एकाच जोडीत. पॉवरचा प्लस आणि त्याचा परतीचा ग्राउंड एकाच जोडीत, उरलेली जोडी पॉवरलाच समांतर द्या. रंग बघून निळा इकडे, केशरी तिकडे अशी वाटणी केली की पिळाचा काही उपयोग राहत नाही. आणि एका जोडीत दोन वेगळे सिग्नल तर कधीच नकोत, आय-टू-सीची डेटा आणि क्लॉक एका जोडीत घातली की एकीचा आवाज दुसरीत उतरतो आणि भुताटकी सुरू होते.

शिल्डवाली केबल घेतली असेल तर शिल्ड बोर्डच्या बाजूलाच जोडा, दुसरं टोक मोकळं सोडून टेप लावा. शिल्डला पॉवरचा ग्राउंड म्हणून वापरू नका.

सावध: मेन्स लाईटच्या वायरसोबत एकाच पाइपात ही केबल टाकायची नाही. समांतर जात असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

४. पॉवरचं गणित, इथे घाई नको

निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात म्हणून हे जरा सावकाश वाचा.

२४ गेज तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स १०० मीटरला ९ ओहमच्या आसपास. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. समजा केबल ८० मीटर आहे, १० नोड आहेत, प्रत्येक नोड ५ व्होल्टला ३० मिलीअँप खातो, आणि सगळे टोकाशी आहेत असं वाईटात वाईट धरू. एकूण ३०० मिलीअँप. वायर १६० मीटर, म्हणजे १४.४ ओहम. ०.३ गुणिले १४.४, म्हणजे ४.३ व्होल्ट वायरमध्येच गेले. ५ व्होल्ट पाठवले तर पलीकडे काही पोचतच नाही.

आता २४ व्होल्ट पाठवा आणि प्रत्येक नोडवर छोटा बक कन्व्हर्टर लावून तिथेच ५ किंवा ३.३ करा. तेवढ्याच कामाला, कन्व्हर्टरची १५ टक्के गळती धरून, लाईनवर फक्त ७५ मिलीअँपच्या आसपास करंट लागतो, आणि ड्रॉप १.१ व्होल्ट. १२ व्होल्ट पाठवले तर टोकाला सव्वानऊच्या आसपास मिळतात, तेही चालतं, पण हात आखडतो. पॉवरला दोन जोड्या दिल्या की ड्रॉप निम्मा. नोड टोकाला गोळा न होता लाईनभर पसरलेले असतील तर साधारण निम्म्याच्या थोडा वर येतो.

हा ड्रॉप फक्त प्लसमध्ये पडत नाही, अर्धा ग्राउंडच्या वायरमध्ये पडतो, हे लक्षातच येत नाही कोणाच्या. वरच्या २४ व्होल्टच्या उदाहरणातही लांबच्या नोडचा ग्राउंड बोर्डच्या ग्राउंडपेक्षा अर्धा व्होल्ट वर असतो. आरएस-४८५ ला त्याचं काही वाटत नाही. वन-वायर एवढ्यावर तग धरतो पण मार्जिन कमी होतं, म्हणून त्याच्या डेटासोबतच्या ग्राउंडमधून दुसऱ्यांचा करंट जाऊ देऊ नका. ॲनालॉग सेन्सर मात्र अर्धा व्होल्ट खोटं बोलतो, आणि नोडचं वायफाय किंवा रिले चालू-बंद झालं की तो खोटेपणाही बदलत राहतो.

नोडवर बक कन्व्हर्टरच्या इनपुटला १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि सेन्सरच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरॅड. बोर्डच्या बाजूने निघणाऱ्या प्लसवर फ्यूज, प्रत्येक लाईनला वेगळा, म्हणजे एका लाईनमध्ये शॉर्ट झालं तर बाकीच्या चालू राहतात.

तपासा: बक कन्व्हर्टर नोडला जोडायच्या आधी मल्टिमीटरने ५ व्होल्टवर सेट करा. बाजारातून येतात तेव्हा त्यांचा स्क्रू कुठल्याही जागी असतो, आणि २४ व्होल्टने सेन्सर एका क्षणात जातो.

५. लाईन म्हणजे लाईन, झाड नाही

आरएस-४८५ ची केबल नोडमध्ये येते आणि त्याच टर्मिनलवरून पुढे जाते. मेन केबलला टी मारून नोड तीन मीटर लांब लटकवायचा नाही, फाटा वीतभरच. वन-वायरला पण हेच लागू आहे, आणि तिथे तर जास्तच, कारण फाट्यांच्या टोकांवरून परतणारे सिग्नल चिपला नवीन बिट वाटतात. जागाच अशी असेल की फाटे टळत नाहीत तर प्रत्येक फाट्याला बोर्डची वेगळी पिन द्या.

टर्मिनेशन: लाईनच्या दोन टोकांना ए आणि बी मध्ये १२० ओहम. दोनच. स्वस्त मॅक्स४८५ मॉड्यूलवर १२० ओहमचा रेझिस्टर आधीच सोल्डर केलेला असतो आणि दहा मॉड्यूल लावली की १२ ओहम होतात, चिपला तेवढं ओढवत नाही, नोड गरम होतात, आणि लोक म्हणतात आरएस-४८५ फक्त तीन नोडपर्यंत चालतं. मधल्या सगळ्या मॉड्यूलवरचा तो रेझिस्टर काढून टाका.

बायस: कोणीच बोलत नसतं तेव्हा ए ही बी पेक्षा निदान ०.२ व्होल्ट वर राहिली पाहिजे, नाहीतर रिसीव्हर हवेतून अक्षरं वाचतो. एकाच जागी, शक्यतो बोर्डजवळ, ए वरून प्लसला आणि बी वरून ग्राउंडला एकेक रेझिस्टर लावा: ५ व्होल्ट असेल तर ५६० ओहम, ३.३ असेल तर ३९०. ज्या चिपच्या माहितीपत्रकात फेल-सेफ रिसीव्हर लिहिलंय तिथे बायस नसला तरी चालतो.

वेग ९६०० ठेवा. शंभर मीटरवर सिग्नल जाऊन परत यायला साधारण १ मायक्रोसेकंद लागतो आणि ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे केबलने काही उलटसुलट केलंच तर बिटच्या मध्यापर्यंत सगळं शांत झालेलं असतं. १,१५,२०० चा मोह कशाला, तापमान पाठवायचंय ना.

सावध: आरएस-४८५ दोन वायरची असली तरी ग्राउंडची वायर लागतेच. आणि ए-बी ची नावं कंपनीगणिक उलटी असतात. नोड अजिबात उत्तर देत नसेल तर ए-बी अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही.

६. अख्खी केबल गुंडाळीतच ठेवून टेस्ट

भिंतीत, जमिनीत, पाइपात काहीही टाकायच्या आधी ही पायरी करायचीच. केबलची पूर्ण लांबी, गुंडाळी न सोडता, एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला एक नोड. गुंडाळी आणि ओढलेली केबल अगदी सारखी वागत नाहीत, पण रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स तेवढेच असतात आणि बहुतेक दोष इथेच उघडे पडतात.

पॉवर बंद असताना ए-बी मधला रेझिस्टन्स मोजा, दोन टर्मिनेशन असतील तर ६०च्या आसपास. १२० आला तर एकच लागलाय, ४० आला तर तिसरा कुठेतरी लपलाय. बायस लावला असेल तर आकडा थोडा खाली येईल, घाबरू नका. मग पॉवर द्या, पण डेटा जोडू नका, आणि टोकाला पूर्ण लोड देऊन व्होल्टेज मोजा. पायरी ४ च्या हिशोबाशी जुळतंय का बघा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर केबल खोटी आहे किंवा एखादा सांधा ढिला आहे. त्यानंतर डेटा जोडून ए-बी मधलं शांत असतानाचं व्होल्टेज बघा, ०.२ च्या वर पाहिजे.

मग रात्रभर चालू ठेवा, आणि मुद्दाम त्रास द्या: शेजारी ड्रिल चालवा, रिले खटखट करा, पंप असेल तर तो चालू-बंद करा. सकाळी एररचा आकडा बघायचा, रीडिंग नाही.

७. पत्ता, लेबल, पिना

प्रत्येक नोडला वेगळा पत्ता टेबलावरच द्या, आणि डब्यावर मार्करने लिहा. मॉडबसमध्ये, म्हणजे आरएस-४८५ वर प्रश्न-उत्तरं करायच्या ठरलेल्या भाषेत, पत्ते १ ते २४७. विकत आणलेले मॉडबस सेन्सर बहुतेक सगळे १ पत्त्यावरच येतात, दोन एकत्र जोडले की दोघे एकदम बोलतात आणि हाती फक्त कचरा लागतो, म्हणून एकेकटा जोडून पत्ता बदला. डीएस१८बी२० चेही कोड एकेक वाचून, सेन्सरला नंबर चिकटवून, तक्ता करून ठेवा. लायब्ररी जो शून्य, एक, दोन असा क्रम देते त्यावर जागा ठरवू नका, तो क्रम कोडवर ठरतो आणि एक सेन्सर बदलला की पुढच्या सगळ्यांची नावं सरकतात.

ईएसपी३२ च्या पिना निवडताना तीन गोष्टी: वायफाय चालू असताना दुसऱ्या ॲनालॉग गटाच्या पिना वाचता येत नाहीत, ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाही, आणि १२ नंबरच्या पिनवर पुल-अपवाला सेन्सर लावला तर बोर्ड सुरूच होत नाही असं घडू शकतं. शेवटचं सापडायला फार वेळ जातो.

८. जागेवर जोडणी, एकेक करून

केबल टाकली, आता सगळे नोड लावून स्विच मारायचा मोह होतो. नाही. बोर्डच्या सगळ्यात जवळचा नोड लावा, दहा मिनिटं एरर बघा, मग पुढचा. टर्मिनेशन त्या त्या वेळच्या शेवटच्या नोडवर तात्पुरतं सरकवत न्या. हे कंटाळवाणं आहे हे मान्य, पण सातवा नोड लावल्यावर लाईन बसली तर दोष सातव्यात किंवा सहा-सातच्या मधल्या केबलमध्ये आहे हे लगेच कळतं.

वायर जोडताना ब्रेडबोर्डच्या जम्पर वायर कुठेही नकोत. स्क्रू टर्मिनल, आणि अनेक बारीक तारांच्या वायरला टोकावर फेरूल (दाबून बसवायची धातूची टोपी). ओलीच्या जागी जेल भरलेले कनेक्टर. केबल डब्यात खालून आणा आणि बाहेर तिला एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळून डब्यात शिरण्याऐवजी खाली ठिबकतं.

तपासा: प्रत्येक नोडवर जोडणी झाल्यावर वायर हाताने ओढून बघा. जी सुटते ती आत्ता सुटलेली बरी.

९. आता कोड

आरएस-४८५ मध्ये बोलायच्या आधी डीई पिन (चिपला लाईनवर बोलू देणारी) वर करायची, सगळे बाइट गेल्यावर खाली. अर्डुइनोत लिहून झाल्या झाल्या पिन खाली केली तर शेवटचे एक-दोन बाइट कापले जातात, कारण ते अजून बफरमध्येच असतात. फ्लशची, म्हणजे बफर रिकामा होण्याची, वाट बघून मगच खाली करा. उलट, खूप उशिरा खाली केली तर उत्तराची सुरुवात चिरडली जाते. डीई पिनवर १० किलोओहमचा पुल-डाउनही हवा, नाहीतर नोड रीसेट होताना पिन तरंगते आणि तो एकटा नोड पूर्ण लाईन धरून बसतो.

मॉडबसमध्ये रजिस्टरचा (सेन्सरमधल्या आकड्याच्या खणाचा) नंबर एकाने चुकणं नेहमीचंच. माहितीपत्रकात ४०००१ लिहिलं असेल तर लाईनवर पत्ता ० जातो. रीडिंग भलतंच येत असेल तर आधी एक मागे-पुढे करून बघा, आणि फंक्शन ३ आहे का ४ तेही.

वेळेचा हिशोब करा. ९६०० ला एक बाइट साधारण १ मिलीसेकंद. प्रश्न ८ बाइट, दोन रजिस्टरचं उत्तर ९ बाइट, मधल्या शांततेसकट एका नोडला ३०-४० मिलीसेकंद, म्हणजे २० नोड सेकंदाच्या आत वाचून होतात. हे सगळे जिवंत असताना. काही लायब्ररीत टाइमआऊट (उत्तराची वाट बघायची मुदत) २ सेकंदांचा असतो, तीनदा प्रयत्न केला की एका मेलेल्या नोडमागे ६ सेकंद जातात आणि सगळं थांबल्यासारखं वाटतं. टाइमआऊट १००-२०० मिलीसेकंद करा, आणि सलग पाचदा गप्प राहिलेल्या नोडला मिनिटातून एकदाच विचारा. उत्तर द्यायला मुद्दाम वेळ घेणारे सेन्सरही असतात, त्यांना तेवढी सवलत द्या.

डीएस१८बी२० ला १२ बिटांवर मोजायला ७५० मिलीसेकंद लागतात. सगळ्यांना एकदम मोजायला सांगा, तेवढा वेळ दुसरी कामं करा, मग एकेकाचं वाचा. एकेकाला सांगून थांबत बसलात तर १२ सेन्सरचे ९ सेकंद होतात.

खोटे आकडे गाळा. उणे १२७ म्हणजे लायब्ररीला सेन्सर सापडला नाही. ८५ म्हणजे बहुतेक वेळा चिप नुकतीच रीसेट झाली आणि मोजणी झालेलीच नाही, बऱ्याचदा पॉवर कमी पडतेय त्याचं लक्षण. हे आकडे सरासरीत गेले की दिवसभराचा आलेख वाया. चेकसम (आकडा वाटेत बिघडला का ते तपासायला सोबत येणारी बेरीज) चुकला तर ते रीडिंग फेकून द्या, आधीचं चांगलं रीडिंग ठेवा, पण सोबत ते किती जुनं आहे तेही ठेवा, नाहीतर तीन दिवसांपूर्वी मेलेला सेन्सर तुम्हाला रोज २४ अंश दाखवत राहील.

आणि प्रत्येक नोडचे तीन आकडे जमवा: किती प्रश्न विचारले, किती उत्तरं आली, किती चेकसम चुकले. नुसतं हे पाहून पुढची पायरी अर्धी होते.

१०. वीज आणि पाऊस

केबल इमारतीच्या बाहेर जात असेल तर लाईनच्या दोन्ही टोकांना एसएम७१२ सारखा सप्रेसर (जास्तीचं व्होल्टेज अर्थिंगकडे वळवणारा) लावा, तो आरएस-४८५ च्या उणे ७ ते अधिक १२ या मर्यादेसाठीच बनवलेला आहे. त्याचा ग्राउंड आखूड आणि जाड वायरने अर्थिंगला गेला पाहिजे, बारीक लांब वायरने नेलात तर तो नुसता शोभेला. दोन वेगळ्या इमारती जोडत असाल, जिथे दोघींचं अर्थिंग वेगळं आहे, तिथे आयसोलेटेड आरएस-४८५ मॉड्यूलच घ्या. जवळ पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच टिकेल याची खात्री नाही, म्हणून एक-दोन नोड पत्ता देऊन तयार ठेवा.

११. तरीही बिघडलं तर

क्रम तोच, पॉवर आधी.

सगळे नोड एकदम गप्प: फ्यूज, मग बोर्डजवळ ए-बी मधलं व्होल्टेज. ते शून्याला चिकटलं असेल तर शॉर्ट, एक-दोन व्होल्टवर अडकून बसलं असेल तर कोणता तरी नोड बोलत अडकलाय. लाईन मधोमध तोडा, टर्मिनेशन बोर्डकडच्या अर्ध्याच्या शेवटच्या नोडवर हलवा, तो अर्धा जिवंत झाला तर दोष पुढे. असंच अर्धं-अर्धं करत गेलात तर १६ नोडमधला दोषी चार तपासण्यांत सापडतो.

एका जागेपासून पुढचे सगळे गप्प: त्या जागेचं टर्मिनल. दहापैकी नऊ वेळा ढिला स्क्रू.

एकच नोड गप्प: त्याचं ५ व्होल्ट मोजा, मग पत्ता, मग ए-बी.

सगळं चालतं पण अधूनमधून चेकसम चुकतात: वेळ नोंदवा आणि त्या वेळी काय चालू झालं ते शोधा. पंप, फ्रीज, लिफ्ट असं काही निघतं. केबल त्यापासून लांब न्या, वेग ४८०० करा, पंपाच्या कॉइलला स्नबर (ठिणगीचा झटका शोषणारा) लावा.

दुपारी चालतं, पहाटे बंद पडतं: सांध्यात दव किंवा पाणी. डबा उघडून टर्मिनल हिरवं पडलंय का बघा, पडलं असेल तर वायर इंचभर कापून नवीन टोकाने जोडा, घासून तेच परत लावू नका.